वलंदेजांची चिंचोळी घरे

मराठी बखरींत आणि जुन्या पत्रव्यवहारांत ज्यांना ‘वलंदेज’ म्हटले आहे ते डच लोक आपणांस अगदीच परके नाहीत. 1637 साली त्यांनी वेंगुर्ल्यास वखार घातली होती. इंदूरला तर या देशाचा संबंध आणखी एका वाटेने पोचला. मास नदीच्या काठी, व्हेन्लो शहराजवळ, स्टाइल नावाचे एक लहानसे गाव आहे. जर्मनीत त्या काळी नवी धर्मसंस्था काढण्यास मज्जाव होता. म्हणून आर्नोल्ड यान्सेन या जर्मन धर्मगुरूने सरहद्द ओलांडून तेथली एक जुनी सराय घेतली आणि 1875 साली मोजक्या सोबत्यांनिशी तीत आपल्या मिशनरी संस्थेचा आरंभ केला. त्या संस्थेचे लोक 1932 साली इंदुरात आले. 1952 पासून 1971 पर्यंत येथील धर्मप्रांताचे पहिले बिशप असलेले फ्रान्सिस सायमन्स हे जन्माने डच होते. त्यामुळे माझ्या सासरच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी हॉलंडचे नाव शेजारच्या गावाचे असावे तितक्या सहजतेने येई. हॉलंड हे खरे म्हणजे त्या देशातील दोन प्रांतांचे नाव. देशाचे नाव नेदरलंड्स, म्हणजे सखल प्रदेश. पण बोलण्याच्या ओघात मी हॉलंडच म्हणेन, श्रोत्यांनी ते चालवून घ्यावे.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत मला या देशात तीन आठवडे राहण्याचा योग आला. माझी भाची व तिचे यजमान नोकरीनिमित्त आम्स्टरडॅमलगतच्या आम्स्टेलव्हेन गावी राहतात. तेथे भारतीय कुटुंबांची आता इतकी वस्ती झाली आहे की तूरडाळ आणि कढीपत्ता यांसाठी फार पायपीट करावी लागत नाही. परंतु प्रवासवर्णन ऐकवण्याचा माझा हेतू नाही. ट्यूलिपचा बहर मी पोचण्यापूर्वीच ओसरला होता, आणि पवनचक्क्यांची चित्रे तर आपण सर्वांनी दिनदर्शिकांवर पाहिलेली आहेत. मला बोलायचे आहे ते घरांविषयी. थोड्या जागेत माणसे कशी राहतात याविषयी. हा विषय आपल्या जिव्हाळ्याचा आहे. इंदूर असो की पुणे, आपल्यापैकी बहुतेकांचा संसार दोन-तीन खोल्यांतच चाललेला असतो.

जागेची टंचाई त्या देशाच्या हाडीमांसी खिळली आहे. पाणी धरून सारा देश सुमारे साडेएकेचाळीस हजार चौरस किलोमीटरांचा, म्हणजे महाराष्ट्राच्या सातव्या हिश्शाहूनही थोडा लहान, आणि त्यात राहणारी माणसे 1 कोटी 80 लाख. त्या जमिनीचाही सुमारे चौथा हिस्सा समुद्राच्या पातळीखाली आहे. माझे विमान ज्या स्खिफोल विमानतळावर उतरले ती जागा एके काळी हार्लेमरमेर नावाच्या विस्तीर्ण सरोवराचा तळ होती. वाफेच्या पंपांनी ते सरोवर उपसून 1852 साली कोरडे केले. सरोवराच्या तळावर आपण पासपोर्ट दाखवीत रांगेत उभे आहोत, ही कल्पना मनात आली तेव्हा मला पायांखालच्या फरशीकडे एकवार पाहिल्यावाचून राहवले नाही. 1953 च्या फेब्रुवारीत समुद्राने बांध फोडले तेव्हा त्या देशात 1,836 माणसे मृत्युमुखी पडली. अशा ठिकाणी जमिनीची प्रत्येक वीत हिशेबात धरावी लागते. बांध आणि कालवे सांभाळण्यासाठी तेराव्या शतकापासून तेथे पाण्याची स्वतंत्र मंडळे आहेत, त्यांच्या निवडणुका होतात, आणि लोक त्यांचा वेगळा कर भरतात. आपल्याकडे नाल्यांची आठवण पहिल्या पावसानंतर होते, हे तेथे कोणाला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

आम्स्टरडॅममध्ये दोन रात्री मी एका कालव्याकाठच्या जुन्या घरात खोली घेऊन राहिले. घराची दर्शनी रुंदी आमच्या शाळेतल्या एका वर्गाच्या निम्मी असेल. उंची मात्र चार मजल्यांची, आणि खोली मागे कुठवर गेली आहे याचा रस्त्यावरून अंदाज येऊ नये. पूर्वी घराच्या दर्शनी रुंदीवर कर बसे म्हणून घरे अशी चिंचोळी झाली, असे तेथे सर्रास सांगतात. कर असो वा नसो, कालव्याला लागून असलेली जागाच महाग, हे कारण मला अधिक पटते. व्यापाऱ्याला आपला माल नावेतून थेट दारात उतरवून घ्यायचा असे. अशा प्रत्येक घराच्या माथ्यावर रस्त्याच्या बाजूस एक तुळई पुढे आलेली असते आणि तिला लोखंडी आकडा असतो. जिना इतका अरुंद की त्यावरून कपाट तर सोडाच, भरलेली ट्रंकही नेता येत नाही. म्हणून सामान दोरीने वर चढवायचे आणि खिडकीतून आत घ्यायचे. चढते सामान भिंतीला घासू नये म्हणून कित्येक घरांचे दर्शनी अंग मुद्दाम पुढे कलते बांधलेले आहे. प्रथम पाहणाऱ्याला वाटते, घर आता रस्त्यावर येणार.

त्या जिन्याविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. आपल्या जुन्या वाड्यांतील माळ्यावर जाण्याची शिडी आणि जिना यांच्या दरम्यानचा तो प्रकार आहे. पायरीवर निम्मेच पाऊल मावते, आणि कठड्याच्या जागी एक जाड दोर लोंबत असतो. चढताना माणूस चतुष्पाद होतो आणि उतरताना पाठमोरा. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर होती. तीत एक पलंग, भिंतीला बिजागऱ्यांनी लावलेले घडीचे मेज, कोनाड्यात बसवलेले हात धुण्याचे भांडे आणि पलंगाखाली दोन खण. एवढेच सामान, पण एकही वस्तू पायांत येत नव्हती. घराच्या मालकीणबाईंनी प्रथमच बजावले, ‘येथे वस्तू आणायची झाली तर आधी दुसरी बाहेर जाते.’ हा नियम आपल्या पोटमाळ्यांना लागू केला तर किती घरांतून पितळी हंडे आणि मोडक्या खुर्च्या बाहेर पडतील, याचा विचार करीत मी झोपी गेले.

ही सारी नगरी लाकडी खांबांवर उभी आहे. वरचा थर दलदलीचा, म्हणून खालच्या घट्ट वाळूपर्यंत खांब ठोकायचे आणि त्यांवर पाया घ्यायचा. मुख्य चौकातला राजवाडा 1655 साली नगरगृह म्हणून उघडला गेला. त्याच्या खाली 13,659 खांब आहेत. हा आकडा तेथील शाळकरी मुलांना पाठ असतो, कारण तो लक्षात ठेवण्याची युक्ती मोठी छान आहे: वर्षाचे दिवस 365, त्यांच्या आधी एक आणि मागे नऊ. शिक्षिका या नात्याने ही युक्ती मी वहीत टिपून घेतली.

जुन्या डच घरांत निजण्याची सोय भिंतीतल्या कपाटात असे. रेम्ब्रांट या जगप्रसिद्ध चित्रकाराचे घर आता संग्रहालय म्हणून जपले आहे, त्यातही असा कपाटातला बिछाना आहे. दारे उघडायची, आत शिरायचे आणि दारे लावून घ्यायची. लांबी तोकडी, कारण त्या काळचे लोक पाठीशी उशा घेऊन अर्धवट बसूनच झोपत असे सांगतात. दिवसा दारे लावली की खोलीची बैठक झाली. आपल्याकडे याच अडचणीवर वळकटीचा तोडगा निघाला. आपण बिछाना गुंडाळून कोपऱ्यात उभा केला आणि त्यांनी बिछान्यालाच कोपरा करून दिला. मला आपली रीत सोयीची वाटते, कारण वळकटी पाहुण्याला देता येते. भिंतीतले कपाट कोणा पाहुण्याच्या गावी कसे नेणार?

कमी जागेची परिसीमा मी पाहिली ती एका देवळात. 1578 नंतर आम्स्टरडॅममध्ये कॅथलिकांना उघडपणे उपासना करण्याची मनाई झाली. तेव्हा यान हार्टमन नावाच्या कॅथलिक व्यापाऱ्याने 1661 साली कालव्याकाठचे एक घर व त्यामागची दोन घरे घेतली आणि तिन्हींचे माळे एक करून तेथे चर्च बांधविले. बाहेरून पाहणाऱ्यास ते साधे राहते घर. आत जिन्यामागून जिने चढत गेले की एकाएकी वेदी, ऑर्गन आणि दोन्ही बाजूंस सज्जे असलेले मंदिर उभे राहते. ‘माळ्यावरचा आमचा प्रभू’ अशा अर्थाचे त्याचे नाव आहे. प्रवचनाचा लाकडी मंच ठेवण्यास जागा नाही, म्हणून तो वेदीच्या खांबात घडी करून ठेवलेला असतो आणि लागेल तेव्हा बाहेर काढतात. धर्मगुरूच्या निवासाला जिन्याच्या वळणावर एक इवलीशी खोली आणि भिंतीतला बिछाना. मौज अशी की शहराच्या अधिकाऱ्यांना हे सारे ठाऊक होते. दर्शनी अंगावर काही दिसू नये, एवढाच त्यांचा आग्रह. डोळेझाक हीही सहिष्णुतेची एक रीत असते, पण ती भोगणाऱ्याला माळ्यावर राहावे लागते. 1887 साली जवळच मोठे चर्च झाले आणि पुढच्या वर्षी हा माळा संग्रहालय बनला.

तेथून पंधरा-वीस मिनिटांच्या वाटेवर प्रिन्सेनग्राख्ट नावाच्या कालव्यावर 263 क्रमांकाची इमारत आहे. 1942 च्या जुलैपासून 1944 च्या 4 ऑगस्टपर्यंत तिच्या मागच्या भागात आठ ज्यू माणसे लपून राहिली होती. त्यांतली एक मुलगी ॲन फ्रँक. पुस्तकांच्या फडताळामागे दार, आणि आत काही खोल्या. दिवसा खालच्या कचेरीत माणसे असत, म्हणून वर पाऊल वाजवायचे नाही, नळ सोडायचा नाही. त्या खोल्या आज रिकाम्या ठेवल्या आहेत. आठांपैकी एकटे वाचलेले ॲनचे वडील ऑटो फ्रँक यांची तशी इच्छा होती. भिंतीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा आहेत. आई-वडिलांनी मुलींची उंची मोजल्याच्या त्या खुणा. त्या दोन वर्षांत ॲन 13 सेंटिमीटरांहून अधिक वाढली. आमच्याही घरी दाराच्या चौकटीवर मुलाच्या उंचीच्या अशाच रेघा आहेत. त्या भिंतीपुढे मी फार वेळ उभी राहू शकले नाही.

आता रोजच्या जीवनाविषयी. भाचीच्या घरासमोरची खिडकी जमिनीपासून छतापर्यंत काचेची, आणि संध्याकाळी दिवे लागले तरी पडदा ओढलेला नाही. आत कुटुंब बरोबर सहा वाजता जेवायला बसलेले रस्त्यावरून दिसते. शिष्टाचार असा की जाणाऱ्याने आत पाहायचे नाही. दुपारचे जेवण म्हणजे गार पाव आणि चीज. लहान मुलांच्या पावावर तर चॉकलेटचे दाणे पसरलेले. गरम जेवण दिवसातून एकदाच. इतक्या लहान स्वयंपाकघरातून चार माणसांचे कसे निघते याचे उत्तर मला तेथे मिळाले: निघतच नाही, निम्मे काम सुरी करते. आपली दोन वेळची पोळी-भाजी-वरण-भात त्या ओट्यावर मांडून पाहिली आणि भाचीच्या कर्तबगारीचे मला नव्याने कौतुक वाटले.

भेटायला जायचे तर आधी दिवस आणि वेळ ठरवून. वाटेवरून जाताना सहज डोकावलो, हा प्रकार नाही. एका निवृत्त शिक्षिकेने मला चहाला बोलावले, ते नऊ दिवस पुढच्या मंगळवारी, साडेदहा वाजता. चहाबरोबर डब्यातले एक बिस्किट आले आणि डब्याचे झाकण लागले. दुसऱ्या कपाबरोबर झाकण पुन्हा उघडले. मात्र या नियमित माणसांच्या प्रसाधनगृहाच्या भिंतीवर आप्तेष्टांच्या वाढदिवसांचे पत्रक टांगलेले असते आणि ते कोणाचा दिवस चुकवीत नाहीत. त्यांना कंजूष म्हणणारे प्रवासी मला ठाऊक आहेत. मला तो मोजूनमापून दिलेला जिव्हाळा वाटला.

मुलांच्या बाबतीत मात्र मी त्यांच्यापुढे हात जोडते. पाण्याच्या देशातले मूल म्हणून त्याला पोहणे शिकवतात, आणि पहिल्या प्रमाणपत्राच्या परीक्षेत मुलांना अंगावरच्या कपड्यांनिशी, पायांतल्या जोड्यांनिशी पाण्यात उतरावे लागते. कालव्यात पडणारे मूल पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही, हे त्यामागचे शहाणपण. अकरा-बारा वर्षांची झाली की सायकलवरून रस्त्याच्या नियमांची परीक्षा. त्या देशात माणसांपेक्षा सायकली अधिक आहेत. उट्रेख्ट स्थानकाखाली साडेबारा हजार सायकली ठेवण्याची जागा आहे. 2019 साली ती पूर्ण झाली. घर लहान असले तरी मूल घरात कोंडलेले नाही, ते या सायकलमुळे. चौकात, मैदानात, पोहण्याच्या तलावावर त्याला स्वतःहून जाता येते. आपल्या मुलांना घरात जागा नाही आणि रस्त्यावर सोय नाही. मग ती मोबाइलमध्ये जागा शोधतात.

ज्या शिक्षिकेकडे मी चहाला गेले तिच्या परसात, सफरचंदाच्या झाडापलीकडे, एक लाकडी खोली होती. मी ती बागेची अवजारे ठेवण्याची समजले होते. दार उघडले तेव्हा आत एक पलंग, लहानशी शेगडी, चाकांची खुर्ची वळेल एवढे न्हाणीघर आणि खिडकीशी बसलेल्या तिच्या नव्वदीच्या मातोश्री. आजारी किंवा वृद्ध आप्ताची सेवा करता यावी म्हणून परसात असे घरकुल उभारण्यास 2014 पासून त्या देशात, काही अटी पाळल्या तर, बांधकामाचा परवाना लागत नाही. सेवेची गरज संपली की ते तसे वापरता येत नाही. आई स्वतंत्रही आहे आणि हाकेच्या अंतरावरही आहे. सकाळी तिच्या खिडकीचा पडदा उघडला की मुलीने समजायचे, रात्र नीट गेली.

हे पाहून मी गप्प झाले, त्याला कारण होते. आमचे इंदूरचे घर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे ओटा, एवढे आहे. सासूबाईंचे वय ऐंशीच्या पुढे. मुलगा यंदा बारावीला, आणि त्याला अभ्यासाला दार लावता येईल अशी जागा हवी होती. माझ्या यजमानांनी तोड काढली की ओट्याला भिंत घालून तो आत घ्यावा. दहा बाय सहा फुटांची खोली सहज होईल, गवंड्याशी बोलणेही झाले होते. हिशेबात काहीच चूक नव्हती. पण त्या ओट्यावर सासूबाई सकाळी सातपासून बसतात. तेथे मेथी निवडली जाते, भाजीवाल्याशी भाव होतो, समोरच्या घरातल्या बाईंची गाऱ्हाणी ऐकली जातात, संध्याकाळी जपमाळ म्हटली जाते. ओटा गेला तर त्यांनी कुठे बसावे, हा प्रश्न कोणी उच्चारला नव्हता. सासूबाईंनीही नाही. ‘मुलाचा अभ्यास आधी’ एवढेच त्या म्हणाल्या होत्या, आणि मी तेच ऐकत हॉलंडला निघून आले होते.

वृद्धांनी वेगळे राहावे ही रीत तेथेही अनादी नाही. पूर्वी म्हातारपणी मुलांच्या घरी राहण्यावाचून पुष्कळांना गत्यंतर नसे, आणि लहान घरांत त्यावरून कुरबुरीही चालत. विलेम ड्रेस पंतप्रधान असताना, 1957 च्या जानेवारीपासून, प्रत्येक वृद्धाला सरकारी निवृत्तिवेतन लागू झाले. लोक त्या वेतनाला ड्रेस यांच्याच नावाने ओळखू लागले. हाती स्वतःचा पैसा आला तसे स्वतःचे दारही आले. मला यात केवळ मायेचा दुष्काळ दिसत नाही. कोणाच्या तरी कोपऱ्यात उपकाराने बसण्यापेक्षा आपल्या खोलीत आपल्या हक्काने बसणे म्हाताऱ्या माणसाला बरे वाटत असेल. तरी रविवारी दुपारी बाकांवर एकेकटी बसलेली वृद्ध माणसे मी पाहिली, आणि त्यांच्या हक्कात कोणाची सोबत लिहिलेली नव्हती, हेही खरे.

उट्रेख्टमध्ये 1924 साली बांधलेले एक घर आहे. तीन मुलांची आई असलेल्या श्रोडर या विधवा बाईंनी रीटव्हेल्ड या वास्तुशिल्पज्ञाच्या साहाय्याने ते रचले. वरच्या मजल्यावर पक्क्या भिंती जवळजवळ नाहीतच. रात्री सरकत्या फळ्या ओढल्या की मुलांच्या निजण्याच्या वेगवेगळ्या खोल्या होतात, आणि सकाळी फळ्या ढकलल्या की सारा मजला एक. नगराच्या नियमांत असली खोली बसेना, म्हणून कागदोपत्री त्या मजल्याला माळा म्हटले गेले. बाई 1985 मध्ये वारल्या तोपर्यंत त्याच घरात राहत होत्या. कारागिरीचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. मला पटली ती त्यामागची गृहिणी. भिंत ही कायमचीच असली पाहिजे हे तिने मानले नाही.

याचा अर्थ हॉलंडात घरांची ददात नाही असा कोणी घेऊ नये. 2024 च्या अंदाजाप्रमाणे त्या देशात सुमारे चार लाख घरे कमी पडत होती. विद्यार्थ्यांसाठी जहाजावरच्या मालाच्या लोखंडी पेट्यांच्या खोल्या करून, सुमारे एक हजार पेट्या एकमेकींवर रचून, 2005-06 च्या सुमारास आम्स्टरडॅममध्ये एक वसाहतच उभी केली गेली. भाचीच्या ओळखीची दोन मराठी तरुण मुले घर मिळेना म्हणून चार महिने मित्राच्या बैठकीत निजत होती. अशा वेळी मात्र त्यांच्या वळकट्या उपयोगी पडल्या.

परंतु एक गोष्ट मी जेथे जाईन तेथे पाहिली. जुन्या घरांच्या दारापुढे दगडी पायऱ्या आणि त्यांच्या बाजूस एक चौथरा असतो. त्याला ते ‘स्टूप’ म्हणतात. ऊन पडले की घरातली खुर्ची तेथे येते, कॉफीचा पेला येतो, शेजारीण येते. दिवस ठरवल्यावाचून घरात पाऊल न टाकणारा हा समाज स्टूपवर मात्र कोणाशीही बोलतो. तेथे बिस्किटाचा डबा बंद होत नाही. नवीन वसाहतीत स्टूप नाही तर लोक दाराशी पदपथावरच एक बाक ठेवतात आणि दोन कुंड्या. घर आणि रस्ता यांमधली ती हात-दोन हात रुंदीची पट्टी आहे म्हणून आतली अरुंद घरे सुसह्य झाली आहेत, असे माझे मत झाले. आणि ती पट्टी म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपला ओटा आहे.

परत आल्यावर एका रविवारी मी मुद्दाम अरण्य वसाहतीत गेले. 1918 साली पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबाराला इंदूरच्या नगररचनेचा अहवाल दिला, तेव्हाच त्यांनी गिरणी कामगारांना बराकींत न कोंबता लहान का होईना स्वतंत्र घरे द्यावीत असा आग्रह धरला होता. 1980 च्या दशकात बाळकृष्ण दोशी यांनी इंदूर विकास प्राधिकरणासाठी अरण्यची आखणी केली, ती त्याच विचाराच्या पुढची पायरी म्हणता येईल. सुमारे साडेसहा हजार घरांची ही योजना. सर्वांत लहान भूखंड 35 चौरस मीटरांचा. गरीब कुटुंबाला जोते, नळ आणि संडास-मोरीचा गाभा आणि फार तर एक खोली द्यायची. पुढचे घर त्याने कमाईप्रमाणे वाढवीत न्यायचे. कसे वाढवता येईल हे दाखविण्यासाठी दोशींनी 80 नमुन्याची घरे बांधली, आणि त्यांत ओटा, बाहेरचा जिना, गच्ची ही अंगे घराइतकीच महत्त्वाची धरली. 1995 साली या वसाहतीला आगाखान पारितोषिक मिळाले आणि 2018 साली दोशींना प्रित्झकर पारितोषिक. आपल्या गावात जगाने वाखाणलेली अशी वस्ती असताना आपल्यापैकी किती जण ती पाहून आले आहेत?

चाळीस वर्षांच्या आसपासच्या संसारांनी तिचे रूप पुष्कळ पालटले आहे. काही घरे तीन मजली झाली, काहींत खाली दुकान आले, आणि काही ठिकाणी ओटा भिंतीआड गेला. जेथे तो गेला आहे त्या गल्लीत मला दारे लावलेली दिसली. जेथे तो उरला आहे तेथे एक आजीबाई नातवाचे केस विंचरीत होत्या आणि एक मुलगी पायरीवर पाटी-पेन्सिल नव्हे, तर फोन टेकवून गणित सोडवीत होती. मी तेथे टेप लावून ओट्याची रुंदी मोजली. चार फूट भरली. आमचा सहा फुटांचा आहे.

गवंड्याला आम्ही निरोप पाठविला की येऊ नको, आणि सुताराला बोलावले. पुढच्या खोलीत त्याने रुळावर सरकणारी प्लायवुडची फळी बसविली. रात्री आठनंतर ती ओढली की मुलाला आठ बाय सहाची जागा मिळते. त्याचा पलंग भिंतीला उभा होतो आणि पलंगाच्या पाठीला लावलेली फळी मेजाचे काम करते. खर्च भिंतीच्या खर्चापेक्षा फार कमी आला असे नाही. चांगले प्लायवुड स्वस्त राहिलेले नाही. पहिल्या आठवड्यात फळी फार करकरत असे आणि सासूबाईंची झोपमोड होई. सुताराने खालच्या खोबणीत मेण चोळायला सांगितले. घरातल्या वेदीवर जळून उरलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे आता त्या कामी येतात, आणि ते काम मुलाने आपणहून स्वतःकडे घेतले आहे.